क्रूझची सहल न घेता पेनांग: मालवणहून निघालेल्या तिघांचा एक दिवस

क्रूझची चौकशी करायला लागलं की पहिल्या पाच मिनिटांत एक प्रश्न हमखास पडतो. मधल्या बंदरात उतरल्यावर फिरायचं कसं? बोटीच्या कंपनीची सहल घ्यायची की आपलं आपण? आम्हालाही तो पडला, आणि मालवणात त्याचं धड उत्तर देणारं कुणी भेटलं नाही. ओळखीतले जे परदेशी जाऊन आले ते टूरच्या गटाबरोबर. क्रूझ केलेलं एक जोडपं सापडलं, पण ते बंदरात उतरलंच नव्हतं. "वर जेवण फुकट मिळतंय, खाली कशाला उतरा," असं त्यांचं म्हणणं. म्हणून हे सगळं तपशिलात लिहिते आहे. जानेवारी २०२५, सिंगापूरहून सुटून मलेशियातल्या पेनांगला एक थांबा घेणारी तीन रात्रींची क्रूझ. मी, नवरा आणि सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते, इथेही तेच लिहिते.

खरं काम सुरू झालं ते पासपोर्टपासून. आमच्या दोघांचे होते, आईंचा काढायचा होता. जुलै २०२४ मध्ये कागद बाहेर काढले तर आधारवर जन्मतारखेच्या जागी नुसतं १९५८. जुन्या आधार कार्डांवर हे सर्रास दिसतं. पासपोर्टला पूर्ण तारीख लागते. आईंची शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. तिथल्या जुन्या रजिस्टरवरून शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत मिळाली, पण त्यावर अर्थातच माहेरचं नाव. सासऱ्यांच्या पेन्शनच्या वेळी विवाह नोंदणीचा दाखला काढलेला होता, तो इथे कामी आला. दोन्ही जोडून आधार दुरुस्त व्हायला तीनेक आठवडे गेले. ज्यांच्या घरी साठीच्या पुढची माणसं आहेत आणि कधीतरी बाहेर न्यायचा विचार आहे, त्यांनी आजच आधार उघडून बघावं. बाकी सगळं नंतर.

अर्ज ऑनलाइन भरला. छत्तीस पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये, पण साठीच्या पुढच्यांना नवीन पासपोर्टवर दहा टक्के सूट मिळते, म्हणून आईंचे १,३५० लागले. आणखी एक शंका होती. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी लागते असा, शेरा येतो असं कुणीतरी सांगून ठेवलं होतं. पन्नाशीच्या पुढच्या माणसांना तो लागत नाही. जिल्ह्याच्या पासपोर्ट केंद्रात ठसे, फोटो, कागद यात अर्धा दिवस गेला. मग पोलीस पडताळणी. हवालदारांनी ठाण्यात बोलावलं, शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या आणि आईंना विचारलं, "काकी, जातलास खय?" आईंनी सिंगापूर म्हटल्यावर त्यांनी फाइलमधून मान वर करून एकदा नीट बघून घेतलं. सप्टेंबरात स्पीड पोस्टाने पासपोर्ट घरी आला.

क्रूझ त्यानंतरच बुक केली. बंदर-कर धरून माणशी चाळीस हजारांच्या आसपास, आणि मुंबई-सिंगापूर विमानाचे जाऊन-येऊन सत्तावीस हजार. बोटीवर कर्मचाऱ्यांसाठीची टिप म्हणून माणशी रोज साधारण १८ अमेरिकी डॉलर वेगळे लागतात. जाहिरातीत ते बारीक अक्षरात असतात, तेव्हा हिशेबात आधीच धरा.

सिंगापूरचा व्हिसा पोहोचण्याच्या तारखेआधी तीस दिवसांच्या आत मागायचा असतो, त्याआधी अर्ज करून उपयोग नाही. सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, अर्ज अधिकृत एजंटमार्फतच जातो, आणि एजंटचे पैसे धरून आम्हाला माणशी साडेतीन हजार पडले. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, ३५ बाय ४५ मिलिमीटर, चकचकीत कागदावर नको. गावातल्या स्टुडिओत मापं लिहूनच द्या. महत्त्वाचं म्हणजे क्रूझवाल्यांना मल्टिपल एंट्रीचा व्हिसा हवा, कारण बोट सिंगापूर सोडून मलेशियात जाते आणि परत येते. हातात आल्यावर तेवढा शब्द आधी शोधला. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला आहे, पण डिजिटल अरायव्हल कार्ड नावाचा ऑनलाइन फॉर्म पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो. तो मलेशियाच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर फुकट भरता येतो. शोधताना वरच्या ओळींत पैसे मागणाऱ्या भलत्याच साइटी येतात, त्यांच्या नादी लागू नका. सिंगापूरचंही असंच कार्ड आहे, तेही फुकट, आणि क्रूझहून परतताना ते पुन्हा भरावं लागतं.

आता मूळ प्रश्न. बोटीच्या कंपनीची पेनांगमधली साधी सहल माणशी सत्तर अमेरिकी डॉलरच्या आसपास होती, म्हणजे तिघांचे अठरा हजार रुपये. त्यात बसने देऊळ, बसने दुकान, बसने परत. पैशांपेक्षा मला त्यातलं दुकान खुपत होतं, कारण तिथे तासभर थांबावंच लागतं. पण कंपनीच्या सहलीची एक बाजू खरोखर भक्कम आहे. त्यांची बस उशिरा आली तर बोट थांबते. तुम्ही आपलं आपण गेलात आणि उशीर झाला, तर बोट थांबत नाही. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा.

म्हणून मी एकच गोष्ट नकाशावर तपासली. बोट लागते कुठे आणि गाव कुठे? पेनांगचा स्वेटनहॅम धक्का जॉर्ज टाउन या मुख्य शहराच्या कुशीतच आहे. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की जुनं शहर सुरू, आणि ज्याला २००८ मध्ये मलाक्कासोबत युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं ते हेच. आमची बोट पोर्ट क्लांगला लागणार असती तर मी निमूट कंपनीची सहल घेतली असती. तिथून क्वालालंपूर तासा-सव्वा तासावर, मध्ये वाहतूक. असा रस्ता घड्याळ हातात धरून करण्यात मजा नाही. थोडक्यात, बंदर गावात असेल तर आपलं आपण, बंदर आणि गाव यांत महामार्ग असेल तर कंपनीबरोबर.

कोकणकन्येने कुडाळहून निघालो. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवसांवर आलंय, त्यामुळे तारीख मोजून नोव्हेंबरात बसावं लागलं. विमान, सिंगापूरमधली एक रात्र, हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यावर लिहीत नाही. दोनच कामं तिथे केली. मलेशियातही चालेल असं सिम घेतलं, आणि १२० सिंगापूर डॉलर देऊन रिंगिट, म्हणजे मलेशियाचे पैसे, घेतले. त्या दिवशी एका डॉलरला सव्वातीनच्या आसपास दर होता, म्हणजे ३९० रिंगिट हातात आले. रुपयांत एक रिंगिट तेव्हा एकोणीस-वीसच्या घरात.

१२ जानेवारीला दुपारी मरीना बे क्रूझ सेंटर. मेट्रोचं मरीना साउथ पिअर स्टेशन जवळ आहे, सामान फार नसेल तर टॅक्सी लागत नाही. आमचे पासपोर्ट चेक-इनच्या वेळीच ठेवून घेतले आणि बदल्यात खोलीचं कार्ड दिलं. पासपोर्ट हातातून गेल्यावर आई अस्वस्थ झाल्या. त्यांनी तो सोळा प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून आणला होता म्हटलं तरी चालेल. हे बोटीबोटीनुसार बदलतं, पण असं झालं तर घाबरू नका. पासपोर्टची आणि व्हिसाची छापील प्रत मात्र आपल्याजवळ हवी. बोट सुटली की फोन फ्लाइट मोडवर टाका. भर समुद्रात फोन जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल डोळे फिरवणारं असतं.

रात्री खोलीत दुसऱ्या दिवसाचं पत्रक आलं. हे पत्रक म्हणजे सगळ्या दिवसाची किल्ली. पेनांगला पोहोचण्याची वेळ दुपारी दोन, बोटीवर परत येण्याची शेवटची वेळ रात्री साडेआठ, सुटण्याची नऊ. खाली बंदरातल्या एजंटचा फोन नंबर. मी तिघांच्या फोनमध्ये त्या पानाचा फोटो काढून ठेवला. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच, भारताच्या अडीच तास पुढे, त्यामुळे बोटीचं घड्याळ आणि गावाचं घड्याळ यांत फरक नव्हता. थायलंडला जाणाऱ्या क्रूझवर एक तासाचा फरक पडतो आणि बोट कधी वेळ बदलते, कधी बदलत नाही. त्यांनी हे विचारूनच उतरावं. आईंनी मनगटी घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवलं होतं. "घरात आता काय चल्लासा ता कळाक होया," म्हणाल्या. ते आम्ही तसंच राहू दिलं.

१३ जानेवारी, सोमवार, त्यात भोगी. आईंचा सोमवार, म्हणजे मासे बंद. बारा वाजता एका सभागृहात पासपोर्ट परत मिळाले, रांग वीस मिनिटांची. बोट दोनला धक्क्याला लागली, पण लागली म्हणजे उतरलात असं होत नाही. दोरखंड, शिडी, बंदरावरच्या अधिकाऱ्यांची परवानगी, मग मजल्यामजल्याने सोडणं. आम्ही पावणेतीनला खाली आलो. टर्मिनलमधल्या इमिग्रेशनची रांग त्या दिवशी चाळीस मिनिटांची होती. ठसे घेतले, शिक्का पडला, अरायव्हल कार्ड आम्ही भरलेलंच होतं. समोरचं कुटुंब तिथेच उभ्या उभ्या फोनवर ते भरत होतं, त्यांना बाजूला थांबवलं. पत्रकावरचे सहा-साडेसहा तास प्रत्यक्षात साडेचारच्या आसपास उरतात. बेत त्या हिशेबाने आखा. पेनांग हिल आणि केक लोक सीचं देऊळ मी घरूनच कापून टाकलं होतं. ते सकाळी लागणाऱ्या बोटींसाठी.

फाटकाबाहेर टॅक्सीवाले आणि तीनचाकी सायकलवाले गराडा घालतात. हसून "नो, थँक यू" म्हणत पुढे चालत राहिलो की सोडतात. समोरच्या चौकात पांढरा घड्याळाचा मनोरा दिसतो. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठ वर्षांसाठी, म्हणजे १८९७ च्या निमित्ताने बांधलेला, म्हणून उंची साठ फूट, वर्षाला एक. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्याने तो किंचित कलला आहे. आम्ही तिघांनी ठरवलं, कुणी चुकलंमाकलं तर या मनोऱ्याखाली यायचं. फोनची बॅटरी संपली तरी मनोरा संपत नाही.

बाजूलाच फोर्ट कॉर्नवॉलिस. ईस्ट इंडिया कंपनीचा फ्रान्सिस लाइट १७८६ मध्ये ज्या जागी उतरला तिथला हा किल्ला. नवऱ्याला आत जायचं होतं. पण लहानपणापासून दारातून सिंधुदुर्ग बघत आलेल्या माणसांनी या किल्ल्यासाठी अर्धा तास खर्चू नये असं माझं प्रामाणिक मत. या किल्ल्याने कधी लढाईही पाहिली नाही. बाहेरून बघून पुढे निघालो.

चर्च स्ट्रीटवरचा पिनांग पेरानाकन मॅन्शन मात्र सोडू नका. तो पाचला बंद होतो, म्हणून सगळ्यांत आधी तिथे गेलो. तिकीट माणशी २५ रिंगिट, माहिती सांगणारा माणूस त्यातच. पेरानाकन म्हणजे इथे येऊन स्थायिक झालेल्या चिनी लोकांची पुढची पिढी, ज्यांनी मलय पोशाख, मलय स्वयंपाक आणि चिनी देव असं सगळं एका घरात नांदवलं. हा वाडा चुंग केंग क्वी या एकोणिसाव्या शतकातल्या श्रीमंत चिनी पुढाऱ्याचा. लाकडावरचं कोरीव काम चिनी, फरशा इंग्रजी, आणि लोखंडी खांब थेट स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे. आई दागिन्यांपाशी थांबल्या नाहीत, मण्यांच्या नक्षीच्या चपलांपाशी दहा मिनिटं उभ्या राहिल्या. हा एकेक मणी ओवायला किती दिवस लागले असतील याचा त्यांनी मोठ्याने हिशेब केला, आणि तो माहिती सांगणारा मुलगा एक अक्षर न कळता मान डोलावत राहिला.

तिथून लिटल इंडिया सात-आठ मिनिटं चालत. दुसऱ्या दिवशी पोंगल, त्यामुळे मार्केट स्ट्रीटवर उसाच्या मोळ्या, हळदीची ओली रोपं, मातीची आणि पितळी भांडी, सगळा रस्ता भरलेला. त्याच वेळी वर चिनी नववर्षाचे लाल कंदील, कारण तेही महिनाअखेरीला होतं. क्वीन स्ट्रीटवर १८३३ मधलं श्री महामारियम्मन देऊळ आहे. दुपारी बंद असतं, आम्ही पोहोचलो तेव्हा नुकतं उघडलं होतं. चपला बाहेर, खांदे झाकलेले, बाकी काही विचारत नाहीत. आई गाभाऱ्यासमोर बसल्या त्या उठेचनात. मी घड्याळाकडे बघत होते आणि त्या पाहून न पाहिल्यासारखं करत होत्या. शेवटी पुजाऱ्याने विभूती दिली तेव्हा कुठे हलल्या.

कोपऱ्यावरच्या शाकाहारी हॉटेलात तिघांचे डोसे, वडे आणि चहा मिळून २८ रिंगिट झाले. चहा उंचावरून ओतून फेस काढलेला, कंडेन्स्ड मिल्कचा, गोड म्हणजे फारच गोड. कमी साखर हवी तर आधी सांगा. एवढ्यात पावसाची सर आली. जॉर्ज टाउनची जुनी दुकानघरं पुढे पाच फुटांची छपराखालची वाट सोडून बांधलेली आहेत, त्यामुळे छत्री न उघडता बरंच चालता येतं. मध्येच कुणी ती वाट स्कूटर लावून किंवा दुकान मांडून अडवलेली असते, तेव्हा रस्त्यावर उतरावं लागतं. पाय अधू असतील तर या चढउतारांकडे लक्ष ठेवा, पायऱ्यांची उंची प्रत्येक दुकानापुढे वेगळी.

आता खरेदी. आमच्या नारळीच्या बागेत जायफळाची झाडं आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण सुगंधा आणि कोकण स्वाद. आम्ही जायफळ आणि जायपत्री विकतो, आणि वरची जाड साल बहुतेक वेळा आंब्याच्या बुंध्यात जाते. फार तर थोडं लोणचं होतं. पेनांगमध्ये जायफळ ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या शेवटी आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवरून आणलं आणि तिथल्या लोकांनी सालीला मानाचं पान दिलं. हे वाचलं होतं, आणि या प्रवासात मला सगळ्यांत जास्त तेच बघायचं होतं. ॲपवर गाडी बोलावून चौरस्ता मार्केटला गेलो, ७ रिंगिट. मार्केट खरं सकाळचं, आतले मासळीचे आणि भाजीचे गाळे केव्हाच उठलेले. पण बाहेरच्या बाजूला लोणची आणि सुकवलेल्या फळांची दुकानं रांगेने उघडी असतात, आणि दुकानदारीणबाई चिमट्याने काढून चव देत राहतात.

जायफळाची साल तिथे किती प्रकारांनी! साखरेत मुरवून पारदर्शक केलेल्या चकत्या, बारीक किसून सुकवलेली, मिठात घातलेली, काळपट ओलसर, शिवाय सिरप, तेल, सांधेदुखीचा बाम. सरबत प्यायलो, ४ रिंगिटचा पेला, आंबट-गोड आणि पाठीमागून जायफळाची जरा जिभेला झिणझिण्या आणणारी चव. आईंनी चकती दाताखाली धरली, डोळे मिटले आणि मालवणीत मला म्हणाल्या, "आणि आपण ह्या कुजाक टाकतो." मग त्यांनी चौकशी सुरू केली. साल आधी मिठात किती दिवस, पाक किती तारी, उन्हात की भट्टीत? दुकानदारीणबाईंचं इंग्रजी मोडकं, आईंचं नाहीच, मी मध्ये दुभाषी. तरी त्या दोघींचं हातवाऱ्यांनी माझ्यापेक्षा चांगलं चाललं होतं. आधी मिठाच्या पाण्याने तुरटपणा काढतात, मग साखर थोडी थोडी चढवत नेतात, एकदम पाकात टाकलं तर चकती आक्रसते. एवढं नक्की कळलं. मी वहीत लिहून घेतलं. चकत्या, किसलेली साल, सिरपची बाटली आणि दोन बाम मिळून ६० रिंगिट.

त्याच दुकानात एका बरणीत तपकिरी, वाळलेल्या पातळ चकत्या दिसल्या. असम केपिंग. हे कोकमाच्याच कुळातलं फळ, गार्सिनिया. आपलं आमसूल काळं आणि ओलसर, हे कोरडं आणि खडखडीत. तिथले लोक माशांच्या आमटीला तेच लावतात. पाव किलो घेतलं, ८ रिंगिट.

पलीकडच्या केंग क्वी गल्लीत आंबट लाक्सा मिळतो. तांदळाच्या जाड शेवया, चिंच आणि त्याच असमचा आंबटपणा, पुदिना, आणि रश्शात मोडून घातलेला मासा. तो मासा म्हणजे आपला बांगडाच. नवऱ्याने खाल्ला, मी दोन चमचे घेतले, आईंनी सोमवार म्हणून वाससुद्धा लांबूनच घेतला. वर काळी दाट चटणी घालतात ती कोळंबीची असते, शाकाहारी माणसांनी तिथल्या कुठल्याही चटणीबद्दल विचारूनच पुढे जावं. आईंसाठी चेंडोल. नारळाचं दूध, ताडगूळ, बर्फ आणि हिरव्या मऊ शेवया. पहिला चमचा तोंडात गेल्यावर, "ह्या तर आपले शिरवाळे, नुसते थंड," असं जाहीर झालं आणि वाटी रिकामी झाली.

सहा वाजून गेले होते. पुन्हा गाडी, ६ रिंगिट, आर्मेनियन स्ट्रीट. इथे लिथुएनियाच्या अर्नेस्ट झाखारेविचने २०१२ मध्ये रंगवलेलं भिंतचित्र आहे. भिंतीवर दोन मुलं आणि पुढे खरी सायकल. तिच्यासोबत फोटो काढायला रांग असते. आम्ही रांगेत उभे राहिलो नाही, बाजूने बघितलं. या रस्त्यावरच्या दुकानांत बाटिक बघावं, पण छापील आणि मेणाने केलेलं यांत फरक करायला शिका. कापड उलटं करायचं. दोन्ही बाजूंनी रंग सारखा उतरला असेल तर मेणाचं असण्याची शक्यता जास्त, उलट्या बाजूला फिकं असेल तर यंत्रावर छापलेलं. छापील वाईट नसतं, फक्त त्याची किंमत हाताच्या कामाची देऊ नका. कमरेला लुंगीसारखे गुंडाळायचे तीन सारोंग ९० रिंगिटला घेतले, सांगितले होते १२०. घासाघीस चालते, पण मुंबईच्या फॅशन स्ट्रीटसारखी निम्म्यावरून सुरू करू नका, तोंड फिरवतात. टाऊ सार पिआह नावाची मुगाच्या सारणाची बिस्किटंही सगळीकडे असतात. घेण्याआधी चरबी कुठली ते विचारा, काही ठिकाणी डुकराची असते.

तिथून पाच मिनिटांवर च्यू जेटी. समुद्रात खांब रोवून त्यावर फळ्यांची वाट आणि दोन्ही बाजूंना घरं, सगळी च्यू आडनावाची. एकोणिसाव्या शतकात चीनमधून बंदरात मजुरीला आलेल्यांनी वसवलेली वस्ती. अशा वेगवेगळ्या आडनावांच्या जेट्या ओळीने आहेत. पुढची घरं आता दुकानं झाली आहेत, पण मागे जाल तसं खरं घर लागतं. वाळत घातलेले कपडे, देवासमोर उदबत्त्या, जाळं दुरुस्त करणारा म्हातारा. दारांवर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, त्या पाळाव्यात. आमच्याकडे मे महिन्यात पर्यटक कोळीवाड्यात शिरून घरात डोकावतात तेव्हा कसं वाटतं ते मला माहीत आहे, त्यामुळे मी फोन पिशवीत टाकला.

इथे एक सावधगिरी. मालवणात जानेवारीत सव्वासहा-साडेसहाला सूर्य बुडतो. पेनांगमध्ये सूर्यास्त साडेसातच्या आसपास, कारण त्यांचं घड्याळ सूर्याच्या मानाने बरंच पुढे आहे. सातला तिथे आपल्या सहासारखा उजेड असतो. आपण लोक उजेडावर वेळ धरतो, त्यामुळे "अजून ऊन आहे" म्हणत आणखी एक गल्ली सहज होते. मी साडेसहाचा आणि सातचा असे दोन गजर लावले होते. सातचा वाजला तेव्हा नवरा जेटीच्या टोकाला उभा राहून पलीकडे बटरवर्थला जाणाऱ्या फेरीबोटी मोजत होता. आईंनीच हाक मारली, "सोडून जातली मगे बोट, बस हयसरच!"

चालत वीस मिनिटं झाली असती, पण आईंचे गुडघे बोलायला लागले होते, म्हणून गाडी बोलावली. पहिल्याने स्वीकारून रद्द केली, दुसरी अकरा मिनिटांनी आली. बंदराकडचा रस्ता संध्याकाळी तुंबतो. एरवी पाच मिनिटांचा प्रवास सतरा मिनिटांचा झाला, ९ रिंगिट. साडेसातला फाटकावर. परतताना पुन्हा सामानाची तपासणी, पुन्हा इमिग्रेशन, पुन्हा शिडीवर कार्ड दाखवणं. खोलीत पाय ठेवला तेव्हा आठ वाजून पाच मिनिटं. साडेआठ ही वेळ बोटीवर असण्याची आहे, फाटकावर असण्याची नाही. मी दीड तास हातात ठेवायला सांगेन. वरच्या डेकवरून आम्ही पाहिलं, साडेआठला दोन मिनिटं कमी असताना तिघेजण पिशव्या उडवत धावत आले आणि वरचे सगळे टाळ्या वाजवत होते. ते पोहोचले. पण त्यांच्यातल्या एकीचा चेहरा बघण्यासारखा नव्हता.

पेनांगचा एकूण खर्च तीनशे रिंगिटच्या थोडा वर, म्हणजे सहा हजार रुपये, खाणंपिणं, तिकिटं आणि खरेदी सगळं धरून. उरलेले रिंगिट सिंगापूरला बदलून घेतले, नाणी मात्र बदलत नाहीत, ती तिथेच संपवा. बोटीवर चढताना उघडं खाणं काढून ठेवतात, बंद पाकिटं आणि बरण्या जाऊ देतात. आमच्या तिळाच्या वड्या दुकानातून पॅकबंद आणल्या होत्या म्हणून सुटल्या, आणि १४ तारखेला भर समुद्रात खोली आवरणाऱ्या फिलिपिनो मुलाला आईंनी तिळगूळ दिला. त्याने तो खिशात ठेवून संध्याकाळी खाल्ल्याचं आवर्जून सांगितलं.

सिंगापूरचं अरायव्हल कार्ड दुसऱ्यांदा भरायचं असतं ते मी पेनांगच्या नेटवर्कवर, डोशाची वाट बघताना भरून टाकलं होतं. बोटीवरचं वायफाय महाग आहे. १५ जानेवारीला सकाळी उतरताना सिंगापूरच्या कस्टमवाल्यांनी बरण्या स्कॅनरवर पाहिल्या आणि एक उघडायला लावली. जायफळ म्हटल्यावर सोडलं. च्युइंग गम तिथे आणता येत नाही, सिगारेटच्या एका पाकिटावरही कर लागतो, आणि मलेशियाहून येणाऱ्यांना दारूची करमाफी मिळत नाही. ज्यांना गरज असेल त्यांनी लक्षात ठेवावं. रोपं आणि रुजणारं बी भारतात परवान्याशिवाय आणता येत नाही. दुकानात कवचासकट ताजी जायफळं होती आणि नवऱ्याचा हात तिकडे गेला होता, तो मी आवरला.

मुंबईत विमान रात्री उतरलं. परतीचं आरक्षण दुसऱ्या दिवशीच्या मांडवीचं ठेवलं होतं, विमानाच्या दिवसाचं नाही, आणि ते बरं झालं, कारण सामान पट्ट्यावर यायलाच सव्वा तास लागला. मांडवी मुंबईहून सकाळी सातच्या सुमारास सुटते, तेव्हा रात्रीची खोली स्टेशनजवळच घ्या. कुडाळला उतरेपर्यंत आईंनी डब्यातल्या चार बायकांना साल मिठात घालण्याची कृती सांगून झाली होती, आणि त्यातल्या एकीने जायफळाच्या कलमांसाठी आमचा पत्ताही लिहून घेतला.